पाच-दहाचा दिवा

स्मार्ट बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, एक कोटी साठ लाख रंग. आमच्या घरात त्यातले तीन वापरले जातात: पिवळा, कमी पिवळा आणि दिवाळीत लाल. हिरवा एकदा लावून बघितला होता, तेव्हा आई म्हणाली, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय", आणि तो प्रयोग तिथेच संपला. पण रंग हा या बल्बांचा सगळ्यात कमी महत्त्वाचा गुण आहे, असं माझं आता मत झालंय. बल्ब काय लक्षात ठेवतो, कुठे ठेवतो आणि कुणाचं ऐकतो, हे खरं बघायला हवं. खोक्यावर त्याबद्दल एक ओळ नसते.

आमच्या रामबागेतल्या घरात असे अकरा बल्ब आहेत. सगळे नानांनी लावले. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाना सेटिंग करायचे. मागच्या मार्गशीर्षात ते गेले. तेराव्यापर्यंत घरात इतकी माणसं होती की दिवे कोण लावतंय याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माणसं पांगल्यावर लक्षात आलं, कुणीच लावत नव्हतं. तिन्हीसांजेला देवघराच्या बोळातला दिवा आपोआप लागायचा, साडेदहाला गॅलरीतला विझायचा आणि पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात अगदी मंद पिवळा उजेड यायचा. आई त्याच उजेडात उठून यायची, नेहमीसारखी.

महिन्याभराने दोन गोष्टी एकदमच समोर आल्या. इंटरनेटचं कनेक्शन नानांच्या नावावर होतं, ते बदलायचं होतं, म्हणजे राउटरही बदलणार. आणि नानांचं सिमकार्ड बंद करायचं होतं. दादा हैदराबादहून फोनवर म्हणाला, "सगळे बल्ब रीसेट मार. मी आलो की माझ्या ॲपवर नव्याने चढवू. अर्ध्या तासाचं काम आहे." त्याचं चूक नव्हतं, काम खरंच अर्ध्या तासाचं आहे. आईने फक्त विचारलं, "पहाटेचा लागेल ना पण?"

म्हणून मी आधी शोधायचं ठरवलं की तो पहाटेचा दिवा नक्की राहतो कुठे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादा तरी असा बल्ब असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. बल्बच्या गोल डोक्यात एलईडी असतात. पांढऱ्या उजेडासाठी सहसा दोन जातीचे, एक पिवळसर, साधारण २७०० केल्विनचा, आणि एक निळसर पांढरा, ६५०० केल्विनचा. दोघांचं प्रमाण कमीजास्त करून मधल्या छटा मिळतात. रंगीत बल्बात लाल, हिरवा, निळा हे आणखी तीन. खाली, जिथे आपण बल्ब धरून फिरवतो त्या भागात, एक छोटी चिप असते. तिच्यात प्रोसेसर आणि वायफायचा रेडिओ. तिथेच, चिपच्या आत किंवा शेजारी, थोडी फ्लॅश मेमरी असते. पेनड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची. वीज गेली तरी तिच्यात लिहिलेलं पुसत नाही. बल्ब काढून वर्षभर कपाटात ठेवला तरी त्याला तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड आठवत राहतो.

(म्हणूनच असा बल्ब रीसेट न करता भंगारवाल्याला देऊ नये. २०१९ साली एका सुरक्षा-अभ्यासकाने एक स्मार्ट बल्ब कापून आतली चिप वाचून दाखवली होती. वायफायचा पासवर्ड तिथे साध्या अक्षरांत, कुलूप न लावता ठेवलेला सापडला.)

या फ्लॅश मेमरीचा एक दोष आहे, ती लिहून लिहून झिजते. साधारण दहा हजार ते एक लाख वेळा खोडून लिहिता येतं, मग तो कप्पा भरवशाचा राहत नाही. आपण ॲपवर बोट सरकवत उजेड कमी-जास्त करतो तेव्हा सेकंदात वीस वेगवेगळे आकडे बल्बकडे जातात. ते सगळे लिहीत बसला तर बल्ब लवकर म्हातारा होईल. म्हणून बरेच बल्ब बोट थांबल्यावर काही सेकंद वाट बघतात आणि शेवटचा आकडा तेवढा लिहून ठेवतात. उजेड बदलून लगेच भिंतीवरचं बटण बंद केलं तर कधीकधी बल्ब जुन्याच उजेडावर परत येतो, त्याचं कारण हे. नानांना हे माहीत असावं. ते बदल केल्यावर दहापर्यंत मोजायचे, तेही बँकेत नोटा मोजल्यासारखं, ओठ हलवत.

वीज परत आल्यावर काय करायचं, हीसुद्धा बल्बला शिकवायची गोष्ट आहे. अनेक बल्ब कारखान्यातून निघतात ते एकच ठरवून: वीज आली की पूर्ण तेजाने, पांढरेशुभ्र पेटायचं. विचार बरोबर आहे, साध्या बटणाने लावणाऱ्याला दिवा लागलेला दिसला पाहिजे. पण पावसाळ्यात रात्री तीनला लाईट जाऊन परत आली की सगळं घर लग्नाच्या मांडवासारखं उजळतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकू, काही अघटित घडलं की काय म्हणून दार वाजवायला आल्या. तेव्हा नानांनी ॲपमध्ये शोधून 'पूर्वीच्या स्थितीत' हा पर्याय लावला. तो पर्यायही त्या फ्लॅश मेमरीतच जाऊन बसतो.

आता वेळापत्रक. 'पाच-दहाला दहा टक्के पिवळा' हे वाक्य कुठे लिहिलेलं असतं, याला एक उत्तर नाही. काही कंपन्यांच्या बल्बात ते बल्बच्याच पोटात असतं. काहींमध्ये घरातल्या एका छोट्या डब्यात, म्हणजे हबमध्ये. झिग्बी नावाच्या पद्धतीने चालणाऱ्या बल्बांना असा हब लागतो, २०१२ साली आलेला फिलिप्स ह्यू हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. आणि कितीतरी बल्बांच्या बाबतीत ते वाक्य घरात नसतंच, ते कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर असतं. रोज वेळ झाली की तिथून आज्ञा निघते आणि तुमच्या स्वयंपाकघरात येऊन पोचते. तुम्ही सोफ्यावर बसून फोनवर बोट लावता आणि समोरचा दिवा लागतो, तेव्हाही पुष्कळदा तो निरोप आधी बाहेर जाऊन मग परत घरात येतो. राजवाड्यावरून सराफ्यात जायला देवासमार्गे जाण्याचा प्रकार. रस्ता वेगवान आहे म्हणून आपल्याला कळत नाही, एवढंच.

ॲपवर बघून यातलं आपलं कोणतं, हे समजत नाही. मी केलं ते असं. एका संध्याकाळी साडेपाचलाच राउटरची पिन काढून ठेवली. बल्बांना वीज होती, इंटरनेट नव्हतं. मुलगा चिडला, त्याचं ऑनलाइन काहीतरी चालू होतं. आम्ही तिघं बोळात उभे राहिलो. देवघराचा दिवा ठरल्या वेळी लागला. गॅलरीचा साडेदहाला विझला. दाराबाहेरचा मात्र लागलाच नाही. म्हणजे काही वेळापत्रकं बल्बांच्या पोटात होती आणि निदान एक तरी बाहेर कुठेतरी.

दुसऱ्या दिवशी आणखी एक पायरी. राउटर बंदच ठेवून देवघराच्या बल्बची वीज मिनिटभर तोडली आणि परत जोडली. त्या संध्याकाळी तो लागला नाही. कारण नंतर कळलं. बल्बमध्ये भिंतीवरच्या घड्याळासारखा सेल नसतो. वीज गेली की किती वाजले ते तो विसरतो, आणि परत आल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. पाच-दहाला काय करायचं ते त्याला पाठ असतं. पाच-दहा कधी वाजतात, तेवढं विसरलेला असतो. राउटर चालू केल्यावर दोन मिनिटांत तो भानावर आला.

देवघराच्या दिव्याची वेळ मुळात घड्याळाची नाहीच. नानांनी ती 'सूर्यास्तापूर्वी दहा मिनिटं' अशी बांधली होती. त्यासाठी बल्बला घराचे अक्षांश-रेखांश लागतात, इंदूरचे साधारण २२.७ उत्तर आणि ७५.९ पूर्व. त्यावरून रोजचा सूर्यास्त गणिताने निघतो. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो आणि जूनअखेरीला सव्वासातच्या आसपास. म्हणजे दिवा वर्षभरात दीड तासाने पुढेमागे सरकतो. आईला यातलं गणित नको होतं. तिला दिवेलागणीला दिवा लागलेला हवा होता, आणि तो लागायचा.

राउटरचा प्रश्न मात्र फारच सोपा निघाला, आणि हे प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं. बल्बला राउटर माहीत नसतो, त्याला माहीत असतं फक्त वायफायचं नाव आणि पासवर्ड. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर बल्बांना काही बदललंय हे कळतच नाही. अक्षर न् अक्षर तेच हवं, अगदी लहान-मोठ्या लिपीसकट. आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू हवा, कारण बहुतेक बल्बांना ५ गिगाहर्ट्झचं ऐकूच येत नाही. जुनं नाव फोनमध्ये दिसत होतं. पासवर्ड नानांच्या बारक्या वहीत होता, पहिल्या पानावर, गॅस एजन्सीच्या नंबराखाली. माझ्या दहावीचा परीक्षा क्रमांक. मला स्वतःला तो आठवत नव्हता. नवीन राउटर लावायला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, नया पासवर्ड रख लो, ये तो बहुत पुराना लगता है." मी म्हटलं, यही रहने दो. तो राउटर सुरू झाल्यावर पाच मिनिटांच्या आत अकराच्या अकरा बल्ब एकेक करून ॲपवर हजर झाले.

उरलं ते सिमकार्ड. ॲपचं खातं नानांच्या मोबाईल नंबरावर होतं. लॉगिन करायचं तर ओटीपी त्या नंबरावर येणार. नंबर बंद केला की निदान नव्वद दिवस तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत, नंतर मात्र तो कुणाच्याही खिशात जाऊ शकतो. मग आमच्या स्वयंपाकघराच्या दिव्याची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हातात, आणि आम्ही दाराबाहेर. बँकेत वारसाचं नाव लावतात. नानांनी आयुष्यभर लोकांकडून ते फॉर्म भरून घेतले. बल्बाच्या ॲपला तसा फॉर्म नसतो.

नानांचा फोन चालू ठेवूनच हे काम करता आलं. आधी त्यांच्या ॲपमधून मला घरातली सदस्य केलं आणि मग 'घराची मालकी सोपवा' असा एक पर्याय होता, तो वापरला. वेळापत्रकं सगळी जशीच्या तशी माझ्या फोनवर आली. आवाजाने चालवायच्या स्पीकरची जोडणी तेवढी पुन्हा करावी लागली, कारण ती त्यांच्या खात्याशी बांधलेली होती. (त्या स्पीकरशी आई हिंदीत बोलते. देवाशी मराठी, भाजीवाल्याशी आणि मशीनशी हिंदी, अशी तिची वाटणी आहे.) प्रत्येक कंपनीचं ॲप मालकी सोपवू देतंच असं नाही. म्हणून ज्यांचे आईवडील इकडे आणि स्वतः पुण्याला किंवा बेंगळुरूला आहेत, त्यांनी पुढच्या सुट्टीत आलात की एवढं बघाच: घरातल्या दोन माणसांच्या फोनवर पूर्ण अधिकार आहेत ना. एकट्या दादाच्या फोनवर सगळं असणं हेही तितकंच वाईट.

कंपनीचाही भरवसा धरू नये. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची घरातले दिवे-बटणं चालवणारी जुनी कंपनी होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये एके दिवशी तिचे सर्व्हर बंद झाले, आधी कुणाला काही न सांगता. लोकांची ॲपं आंधळी झाली. जूनमध्ये काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केले. ग्राहकांनी दिवा लावायला कंपनी विकत घ्यावी, हे मला अजून हसावं की काय करावं असं वाटतं. ह्यूनेही आपल्या पहिल्या गोल हबला २०२० साली इंटरनेटवरून तोडलं, पण तो घरातल्या घरात चालत राहिला, कारण त्याचं बरंचसं डोकं घरातच होतं. २०२२ च्या ऑक्टोबरात 'मॅटर' नावाचा सामायिक नियमांचा संच आला. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी घरातल्या घरातच बोलू शकतात. नवीन बल्ब घेणार असाल तर खोक्यावर ते चिन्ह शोधा आणि दुकानदाराला विचारा, इंटरनेट गेलं तर वेळेवर लागतो का. त्याला उत्तर येणार नाही. आणून, पिन काढून, स्वतः बघा. परत करायची मुदत संपायच्या आत.

विजेचं म्हणाल तर बंद दिसणारा बल्बही जागाच असतो, आज्ञेची वाट बघत. अर्धा वॉट धरला तर वर्षाला एका बल्बामागे साडेचार युनिटच्या आतच. अकरा बल्बांचे पन्नासच्या खाली. नानांनी हाही हिशोब वहीत मांडून ठेवला होता आणि पुढे लिहिलं होतं, "चालेल."

मालकी माझ्याकडे आल्यावर मी पहिल्यांदा ती वेळापत्रकांची यादी उघडली. सतरा होती. प्रत्येकाला नानांनी मराठीत नाव दिलेलं.

'गुडघे' म्हणजे पाच-दहाचा. आईच्या गुडघ्यांना पहाटे अंधारात उंबरा चढताना त्रास व्हायचा. सुरुवात दहा टक्क्यांनी आणि वीस मिनिटांत सावकाश चाळीसपर्यंत, डोळ्यांवर येऊ नये म्हणून. 'दिवेलागण' देवघराचा. 'काकू' हे नाव कळेना. ती गॅलरीच्या दिव्याची होती, साडेदहाला बंद. आईने उलगडा केला, समोरच्या काकूंच्या खिडकीत तो उजेड जायचा आणि त्यांची झोप मोडायची. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. नानांनीच बघितलं होतं.

'शुक्रवार' दाराबाहेरचा. रात्री नऊ ते साडेअकरा, फक्त शुक्रवारी. मी चार वर्षं भोपाळला नोकरीला होते आणि शुक्रवारच्या बसने घरी यायचे. येताना कोपऱ्यावरूनच दाराचा दिवा दिसायचा. मला वाटायचं, आई लावून ठेवते. भोपाळ सुटून आता तीन वर्षं झाली. वेळापत्रक चालूच होतं. इंटरनेट बंद केल्यावर न लागलेला दिवा हाच. मी प्रयोग केला तो वार शुक्रवार होता.

'चकली' आणि 'फराळ' हे दिवाळीचे. 'सुनबाई' हे दादा-वहिनी आले की वरच्या खोलीत लावायचं, ते बंद करून ठेवलेलं होतं, त्यांच्या पुढच्या फेरीसाठी. एक होतं 'मी', नानांच्या टेबलाशी, रोज रात्री सव्वानऊ ते दहा. हिशोब लिहायची वेळ. तो दिवा दीड महिना रोज लागत होता आणि विझत होता, त्या खोलीत कुणी जात नव्हतं म्हणून कुणाला माहीत नव्हतं.

मी दादाला ती यादी फोटो काढून पाठवली. त्याचं उत्तर यायला बराच वेळ लागला. मग लिहिलं, "रीसेट राहू दे."

तरी बल्बांना खरा धोका ॲपचा नाही, भिंतीवरच्या बटणाचा आहे. तिथून वीज तोडली की बल्ब मेल्यासारखा, ॲप कितीही दाबा. आणि बरेच बल्ब भराभर तीन ते पाच वेळा बंद-चालू केले की समजतात, मालकाला सगळं विसरायला हवंय. मग लुकलुकून दाखवतात आणि कोरे होतात. लहान मूल बटणाशी खेळलं तरी होतं, वादळात वीज चारदा आली-गेली तरी काहींचं होतं. नानांनी यावर केलेला उपाय म्हणजे दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. प्रत्येक बटणावर एक तुकडा आणि त्यावर बॉलपेनने, "हे बटण बंद करू नये." खाली, शिक्का मारावा तशी, त्यांची आद्याक्षरं. कामाला येणाऱ्या ताई हिंदी वाचतात. 'बंद' त्यांना कळायचं, 'नये' कळायचं नाही. त्यामुळे त्या इमानाने बटण बंद करायच्या.

फाल्गुनात एका सकाळी आई चहा घेताना म्हणाली, "अगं, ते पाच-दहाचं आता सहावर कर. मी हल्ली सहाला उठते. एवढ्या लवकर उठून करायचं कुणासाठी? पाचला त्यांना पाणी तापवून लागायचं."

मी फोन हातात घेऊन बसले. नाव बदलायचं नव्हतं, फक्त वेळ. पाच-दहाच्या जागी सहा-शून्य. 'जतन करा' दाबलं आणि दहापर्यंत मोजलं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मग त्या पट्ट्याही बदल. कडा सुटल्यात. आणि या वेळी हिंदीत लिही."